पाहुण्यांची टाकी

माणसाची खरी परीक्षा तो दुसऱ्याला माप कसं भरून देतो यावर होते, आणि जो काठोकाठ भरून देतो त्याच्या घरावर कधी वाईट वेळ येत नाही. हे वाक्य मी लहानपणी इतक्या वेळा ऐकलं की ते एखाद्या धर्मग्रंथातलं असावं, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. ते माझ्या वडिलांचं होतं. राजुऱ्याच्या बाजारओळीत आमचा सोड्याचा कारखाना होता आणि ज्या दिवसांविषयी मी लिहिते आहे त्या दिवसांत, माप काठोकाठ भरूनही, त्याच्यावर बऱ्यापैकी वाईट वेळ आलेली होती.

कारखाना म्हणजे रस्त्याकडची एक लांबट खोली. तिच्या मागच्या दोन खोल्यांत अब्बा, फुफी आणि मी राहायचो. अम्मी मला आठवतही नाही इतक्या लवकर गेली. फुफी, म्हणजे अब्बांची थोरली बहीण, विधवा होऊन माहेरी आली आणि तिने मला वाढवलं, अब्बांनाही थोडंफार वाढवलं. पुढच्या खोलीच्या मधोमध हाताने फिरवायचं यंत्र होतं. गोटीच्या बाटल्या त्यात आडव्या ठेवायच्या, वरून लोखंडी जाळी लावायची, कोपऱ्यातल्या उंच सिलिंडरमधून गॅस सोडायचा आणि चाक फिरवायचं. बाटल्या कोलांट्या खायच्या, गॅस पाण्यात मुरायचा आणि काचेची गोटी आतून तोंडाशी येऊन घट्ट बसायची. चाकाची करकर, गोट्यांची किणकिण आणि बाहेरून जाणाऱ्या कोळशाच्या ट्रकांची घरघर या तीन आवाजांवर मी वाढले. अजूनही अगदी शांत ठिकाणी मला नीट झोप लागत नाही. काहीतरी बंद पडलं आहे असं वाटत राहतं.

अब्बा गॅस नेहमी जरा जास्तच सोडायचे. त्यामुळे अधूनमधून जाळीच्या आत एखादी बाटली फटकन फुटायची. मागून फुफी विचारायची, "फुटली का?" अब्बा समाधानाने म्हणायचे, "फुटली." बाटली फुटली म्हणजे बाकीच्या नीट भरलेल्या आहेत, असा आमच्या घरातला हिशेब होता. गावातही तो मान्य होता. गफूरभाऊंचा सोडा नाकात जातो, हे राजुऱ्यात कौतुकाने म्हटलं जायचं. जो सोडा पिताना डोळ्यांत पाणी येत नाही तो सोडा नव्हेच, असं मानणाऱ्या पिढीला आम्ही पाणी पाजत होतो. दुर्दैवाने ती पिढी म्हातारी होत चालली होती. तिच्या नातवंडांना प्लास्टिकच्या बाटलीतलं रंगीत गोड पाणी आवडायचं. ते नाकात जात नसे.

घरात आम्ही हिंदी बोलायचो, बाहेर मराठी, आणि भांडताना जी आधी तोंडात येईल ती. फुफीचं सासर मूल तालुक्यातल्या एका खेड्यातलं. तिथल्या भाताच्या बांध्या, वानरं आणि बोली हे सगळं ती बरोबर घेऊन आली होती, त्यामुळे ती भांडायची मात्र नेहमी मराठीतच. शुक्रवारी ती अंबाडी घालून गोश्त करायची. तो आंबट वास कारखान्यात पसरला की सोडा प्यायला आलेली माणसं उगाच रेंगाळायची आणि फुफी आतून मोठ्याने म्हणायची, "सोडा पेऊन झाला असन तर जा आता. इथी खानावळ नाई." मग त्यातल्याच एखाद्याला वाटीभर रस्सा बाहेर पाठवायची. ती वाटीही काठोकाठ असायची. हा घराण्याचाच दोष होता.

नागपूरला माझे चाचा होते. त्यांचं नळ, स्क्रू आणि कुलपांचं दुकान होतं आणि गल्ल्यावर बसायला त्यांना घरचा माणूस हवा होता. त्या हिवाळ्यात ते आले, यंत्राकडे एखाद्या आजाऱ्याकडे बघावं तसं बघितलं आणि अब्बांकडून शब्द घेऊन गेले: पावसाळ्यापर्यंत एखादं कायमचं गिऱ्हाईक मिळालं नाही, तर यंत्र भंगारात घालायचं आणि सगळ्यांनी नागपूरला यायचं. मी तेव्हा चंद्रपूरच्या कॉलेजात बी.एस्सी. करत होते. नागपुरात कॉलेजं जास्त चांगली आहेत असं मला सांगण्यात आलं. मला काही विचारण्यात आलं नाही. फुफीने मात्र चाचांना विचारलं, "तुह्याकडं अंगण आहे का?"

"आपा, तिसऱ्या मजल्यावर घर आहे. गच्ची आहे."

"गच्चीवर कोंबड्या ठेवू देते का कोणी?"

चाचा हसले. फुफी हसली नाही. त्या दिवसापासून ती नागपूरचा उल्लेख 'तो तिसरा मजला' असा करू लागली.  अब्बा फक्त संध्याकाळी यंत्राला तेल द्यायचे, फिरवलेलं नसलं तरी.

अशा दिवसांत होळीच्या थोडं आधी देवरावभाऊ आमच्या दारात मोटारसायकल घेऊन उभे राहिले. पोंभुर्ण्याच्या पुढे जंगलाला लागून त्यांची धानाची शेती होती. मागच्या सीटवर पोतं बांधलेलं होतं. पोत्यातून त्यांनी एक काळी, जाड नळीची वस्तू काढून काउंटरवर ठेवली. फुफी दोन पावलं मागे सरकली.

"बंदूक घरात नको."

"बंदूक नाई बाई, मार्कर आहे. रंगाच्या गोळ्या उडवाचा खेळ. ठाण्यात पण हेच सांगून आलो. पुस्तकात तसंच लिहून आहे."

"पुस्तकात काहीबी लिहून राहते. नळी आहे, घोडा आहे, मूठ आहे. म्हशीले बकरी म्हटलं म्हणून ती झाडपाला खाते का?"

देवरावभाऊ दमले होते, त्यांनी आधी सोडा मागितला. तो नाकात गेल्यावर शिंकत शिंकत त्यांनी हकीकत सांगितली. वाघाच्या जंगलालगतच्या एका हॉटेलात शहरातली माणसं पैसे मोजून एकमेकांना रंग मारताना त्यांनी पाहिली होती. "धान पेरलं तर डुक्कर खाते, चना पेरला तर वानर खाते. म्हटलं, आता माणसं पेरून पाहू. माणसाले डुक्कर खात नाई." त्यांनी बांध्या मोडून मैदान केलं होतं, आडोशाला जुने टायर आणि बांबूचे तट्टे लावले होते, 'साहस केंद्र' असा बोर्ड रंगवून घेतला होता. मार्कर आले, गोळ्या आल्या, पण प्रत्येक मार्करच्या मागे फिरकीने बसवायची जी छोटी टाकी असते, तिच्यात गॅस नव्हता. आणि उद्घाटनाचे मुख्य पाहुणे ठरून गेले होते.

"सोड्यात तोच गॅस असते म्हणते. खरं का?"

"तोच," मी म्हटलं. "कार्बन डायऑक्साइड."

"मंग भरून द्या. उद्घाटन नीट झालं, लोक आले, तर गॅस कायम तुमच्याकडूनच."

कायम हा शब्द अब्बांनी ऐकला. फुफीनेही ऐकला. तिने देवरावभाऊंना अंबाडीच्या रश्श्याची वाटी आणून दिली.

आमच्या घराइतकी या गॅसची ओळख तालुक्यात कोणालाच नव्हती, आणि तीच पुढे नडली. सोड्याला गॅस लागतो तो गॅसच्याच रूपात, त्यामुळे सिलिंडर उभा ठेवून वरचा गॅस घ्यायचा, हे अब्बांच्या हाताला बसलेलं. पण दाबाखाली सिलिंडरच्या तळाशी हा गॅस पाण्यासारखा पातळ होऊन बसलेला असतो आणि छोट्या टाकीत भरायचा असतो तो हा पातळ गॅस. म्हणजे सिलिंडर उलटा करायचा. देवरावभाऊंनी दिलेली इंग्रजी पुस्तिका मी वाचली. ती चिनीतून कोणत्या तरी तिसऱ्या भाषेत जाऊन मग इंग्रजीत आलेली असावी, पण कॉलेजातल्या पुस्तकाशी ताडून अर्थ लागत होता. अंगणात चिंचेच्या झाडाला साखळीने सिलिंडर उलटा बांधला. खोलीत हे काम करायचं नाही, कारण हा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली साचतो आणि माणसाला कळायच्या आत श्वास अपुरा पडतो. छोटी टाकी आधी बर्फात घालून गार करायची. मग तिच्यात थोडा गॅस सोडून तो बाहेर जाऊ द्यायचा, त्याने ती आणखी गार होते. आणि मगच भरायची, कारण गॅस उष्णाकडून थंडाकडे आनंदाने जातो, उलट जायला कुरकुरतो. हातात जाड मोजे, डोळ्यांवर चष्मा. उडालेला थेंब कातडीला लागला तर थंडीनेच भाजतं.

इथपर्यंत अब्बा माझ्यापेक्षा हुशार विद्यार्थी होते. अडलं ते पुढे. टाकी रिकामी असताना तराजूवर तोलायची, भरताना पुन्हा तोलायची आणि ठरलेल्या वजनाला थांबायचं. त्या वजनाला टाकीचा साधारण एक तृतीयांश भाग मोकळा राहतो.

"मोकळा?" अब्बा म्हणाले.

"मोकळाच ठेवायचा असतो, अब्बा. पातळ गॅसला उन्हात फुगायला जागा लागते. जागा नसली तर दाब इतका वाढतो की टाकी फुटेल. ती फुटू नये म्हणून गळ्याशी तांब्याची पातळ चकती बसवलेली असते. आधी ती फाटते आणि सगळा गॅस बाहेर."

"बेटा, तीन हिस्से के पैसे लेके दो हिस्से माल देना, इसको क्या बोलते हैं?"

मी त्यांना तापमान, दाब, आकारमान सगळं समजावलं. मला ते नुकतंच शिकवलेलं असल्यामुळे मी ते फार वाईट समजावलं असणार. शेवटी कोंबड्यांना कण्या टाकणारी फुफी वळून म्हणाली, "गफूर, तांदूळ शिजवाले टाकते तर भाताचा गंज काठापर्यंत भरते का? भात फुगन कुठी? तुह्या डोक्यावर?" अब्बा गप्प झाले. पटल्यामुळे नव्हे. बहिणीशी वाद घालून ते आजवर कधी जिंकले नव्हते, म्हणून.

मग तालमी झाल्या. परसात जुना पत्रा टांगला आणि तोंडावर ते बेडकासारखे मुखवटे चढवून आम्ही गोळ्या झाडल्या. मैदानात असेपर्यंत मुखवटा काढायचा नाही हा पहिला नियम. फुफीने तो इतका मनावर घेतला की ती मुखवटा घालूनच चुलीपाशी जाऊन आली. अब्बांनी पहिल्यांदा घोडा भराभर दाबला. सुरुवातीच्या गोळ्या पत्र्यावर फाडफाड आदळल्या, नंतरच्या निम्म्या वाटेत गळाल्या आणि मार्चच्या उन्हात टाकीवर पांढरं दव गोठलं. पातळ गॅसची वाफ होताना तो टाकीचीच उष्णता घेतो, म्हणून दोन गोळ्यांमध्ये जरा थांबावं लागतं. "म्हणजे त्यालाही दम लागतो," अब्बा म्हणाले आणि त्यांना मार्करविषयी पहिल्यांदाच आपुलकी वाटली. फुफीने तेवढ्यात गारेगार टाकीला ओला रुमाल लावून तो कपाळावर ठेवला. नळी जमिनीकडे झुकवली की टाकीतला पातळ गॅस थेट मार्करमध्ये उतरतो, पांढरा फवारा उडतो आणि आतल्या रबरी कड्या गोठून कडक होतात, हेही कळलं. म्हणून नळी जरा वर आणि टाकीचा तळ खाली. टाकी काढण्याआधी उरलेला गॅस गोळ्यांविना झाडून संपवायचा. भरलेल्या टाक्या ओल्या पोत्यात गुंडाळून सावलीत. अब्बांनी हे सगळं पाठ केलं. शेजाऱ्यांना ते असं सांगू लागले की जणू आमच्या घराण्यात हे निजामाच्या काळापासून चालत आलं आहे.

उद्घाटनाच्या दिवशी आम्ही छोट्या टेम्पोत मोठा सिलिंडर, तराजू, बर्फाची पेटी आणि फुफी असं सामान घालून निघालो. वर्धेचा पूल ओलांडला, बल्लारपूर गेलं, मग दोन्हीकडे मोहाखाली फुलं वेचणाऱ्या बायका दिसू लागल्या. पोंभुर्ण्यानंतर रस्ता हा शब्द फक्त सवयीने वापरायचा. देवरावभाऊंच्या घरी मोठ्या गंजात पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा शिजत होता आणि मांडव घातलेला होता. मी शेडमागच्या सावलीत एकेक टाकी तोलून भरली, पोत्यात ठेवली आणि पोत्यांवर पाणी मारलं. अब्बांना तिथे बसवलं आणि पाहुण्यांना द्यायची टाकी कुठली ते दाखवलं. तिच्या मार्करला सोनेरी रंग दिला होता.

मुख्य पाहुणे ठरल्या वेळेनंतर खूप उशिरा आले. ते आमच्या भागात दवाखान्यापासून दळणाच्या चक्कीपर्यंत सगळ्याचं उद्घाटन करत. त्यांचं नाव मी देत नाही. दिलं तरी त्यांच्यासारखे इतके होते की काही बिघडलं नसतं. मांडवाच्या बाहेर, फोटो चांगले यावेत म्हणून भर उन्हात, काळ्या मखमलीचं टेबल होतं. त्यावर स्टीलचं मोठं चकचकीत ताट आणि ताटात सोनेरी मार्कर. कोणतंही यंत्र पूजा झाल्याशिवाय चालू करायचं नाही ही आमच्याकडची रीत आहे. ट्रॅक्टर असो, झेरॉक्स मशीन असो, हळदकुंकू लागतंच. तर मार्करला हळदकुंकू लागलं, झेंडूचा हार घातला गेला, नारळ फुटला, शेजारी समई लागली. मग शालींचं वाटप झालं. मग भाषण सुरू झालं.

मी शेडमागे पाणी मारत होते, तिथून मला ताट दिसत होतं. मी देवरावभाऊंना खुणावलं, ते मागे आले.

"भाऊ, मार्कर सावलीत घ्या. ऊन फार आहे."

"आता कसा घेऊ? पूजा झाली आहे, समोर भाषण चालू आहे. दोन मिनिटांत संपते."

"या माणसाचं भाषण दोन मिनिटांत संपलंय कधी?"

"नाई," देवरावभाऊ प्रामाणिकपणे म्हणाले. "पण तू तर वजन करून भरलं ना? मंग?"

मी वजन करून भरलं होतं. तेवढ्या उन्हात नीट भरलेली टाकी बहुधा टिकली असती. मी पुन्हा पोत्यांवर पाणी मारू लागले. अब्बा एकदम दुसरीकडे बघू लागले.

पाहुणे साहसावर बोलत होते. या मातीच्या कणाकणात धैर्य आहे, असं म्हणून त्यांनी हात उंचावला आणि धैर्याची परीक्षा पाहणारा आवाज त्यांच्या पोटापाशी झाला. चकती फाटली. फटाक्याहून मोठा एकच बार, त्यामागून लांबलचक सूं आणि पांढऱ्या धुक्याचा एक ढग. ताट गरगर फिरत खाली पडलं. समई विझली. पाहुणे दिसेनासे झाले. त्यांच्या बंदोबस्ताला आलेले दोन शिपाई क्षणात जमिनीवर पालथे झाले, अगदी नीट, कोपर टेकवून. आमच्या भागातल्या पोलिसांना त्याचा सराव असतो.

मी धावत सुटले. माझ्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य होतं, "उठा! झोपू नका! गॅस खाली बसतो!" जन्मभर ज्यांना झोपायला शिकवलं गेलं त्यांना उठवणं सोपं नव्हतं. पण मैदान उघडं होतं, वारा होता, ढग विरत गेला. आतून पाहुणे प्रकट झाले. हातात माइक तसाच, शालीच्या टोकाला पांढरा बर्फाचा भुगा. कोणालाही काही झालं नव्हतं. त्यांनी डोळे मिचकावले, घसा साफ केला आणि म्हणाले, "अशा रीतीने हे केंद्र सुरू झाल्याचं मी जाहीर करतो." मग त्यांना दुसऱ्या कार्यक्रमाची आठवण झाली. त्यांची गाडी धूळ उडवत गेली. पातोडी न खाता गेलेला तो बहुधा एकमेव पाहुणा.

मागे उरला तो सगळा गाव आणि कुजबुज. "फुटते बाप्पा हे." "समई विझली, पाह्यलं का? अपशकुन आहे." आया पोरांना हाताला धरून मागे घेऊ लागल्या. देवरावभाऊ हारातले सुटलेले झेंडू उचलत होते, एकेक करून, जसं काही तेच सगळ्यात तातडीचं काम होतं. त्यांची बांधी मोडलेली होती. परत धान लावायचं म्हटलं तरी ती पावसाळ्याआधी पुन्हा उभी राहणार नव्हती. आणि आमचं कायमचं गिऱ्हाईक या कुजबुजीबरोबर घरी निघालं होतं. मला तो तिसरा मजला स्पष्ट दिसला, गच्चीसकट.

"अब्बा," मी म्हटलं, "मी वजन करून दिली होती."

अब्बा खूप हळू बोलले. "मी फक्त त्यांचीच जरा वरून भरली, बेटा. पाहुणे ना ते. पाहुण्याला मोजून द्यायचं?"

मला रागावायचं होतं, पण काय म्हणून रागावणार? सगळ्या मैदानात सन्मानाने भरलेली तेवढी एकच टाकी होती आणि तेवढी एकच फुटली. फुफीने ऐकलं. तिने भावाकडे असं पाहिलं की ते पाहणं मी इथे लिहू शकत नाही. मग ती म्हणाली, "शमू, तराजू आण."

तराजू टेबलावर ठेवला. मी सावलीतली टाकी आणून सगळ्यांसमोर तोलली, मग पाहुण्यांची ती रिकामी झालेली टाकी दाखवली. फाटलेली चकती हातोहात फिरली. मी सांगितलं की ही टाकी जास्त भरली होती, वर इतका वेळ उन्हात राहिली. चकती फाटली हे बरंच झालं, ती त्यासाठीच असते, आणि ती नसती तर टाकी फुटली असती. एक म्हातारबा म्हणाले, "आणि समई काऊन विझली?" मी म्हटलं, "बाबा, या गॅसमध्ये आग जळत नाही. आग विझवायच्या लाल डब्यात हाच असतो." हे लोकांना आवडलं. पण आवडणं वेगळं आणि हातात घेणं वेगळं. पुढे कोणी येईना.

फुफीने ओढणी कमरेला खोचली, मुखवटा चढवला. "लाव ती टाकी." मी लावली. तिने नळी जरा वर धरली, टाकीचा तळ खाली, शिकवल्यासारखं. लांब बांबूच्या तट्ट्यावर नेम धरायला पत्र्याचं ताट टांगलं होतं. पहिली गोळी ताटाच्या मधोमध फुटली, नारंगी. ती थांबली, मनात दम मोजला, दुसरी मारली. तीही तिथेच. 

"बाई, कुठी शिकल्या?" देवरावभाऊंनी विचारलं.

मुखवट्यातून आवाज आला, "सासरी. चन्यातली वानरं हाकलाची राहत होती गलोलीनं. हे तर सोपं आहे, हे झाडावर चढत नाई." आणि मग मुखवटा न काढता ती गर्दीकडे वळली. "आता कोण येते? का सगळे धैर्याचे कण घरी ठेवून आले?"

आधी एक हसला, मग सगळेच. पालथे पडलेले ते दोन शिपाई सगळ्यात पुढे आले. त्यांना काहीतरी भरून काढायचं असावं. दुपारभर मी टाक्या तोलत, भरत, पोती भिजवत राहिले. संध्याकाळी झाडांपर्यंत सगळं रंगीत झालं होतं आणि पातोडी संपली होती. शिपायांचा संघ हरला. त्यांच्याविरुद्ध गावातल्या बचत गटाच्या बायका होत्या.

सामान टेम्पोत चढवताना देवरावभाऊ अब्बांजवळ आले. "गफूरभाऊ, गॅस तुमचाच. पण एकच अट."

"बोला."

"कमी भराचं."

अब्बांनी मान हलवली. आयुष्यात इतकी कठीण अट त्यांनी दुसरी मान्य केली नसेल. त्यांनी ती पाळलीही. पण मन खाऊ लागलं म्हणून प्रत्येक टाकीमागे सोड्याच्या गोटीबाटल्या फुकट पाठवू लागले, काठोकाठ भरलेल्या. खेळून घामाघूम झालेली शहरातली पोरं त्या पिऊन शिंकायची आणि आणखी मागायची. हळूहळू गावोगावच्या धाब्यांवरून मागणी येऊ लागली. यंत्र भंगारात गेलं नाही, आम्ही तिसऱ्या मजल्यावर गेलो नाही आणि मी चंद्रपुरातच शिकून तिथेच रसायनशास्त्र शिकवायला लागले. दरवर्षी मुलांना वायूचे नियम शिकवताना मी भाताच्या गंजाचं उदाहरण देते. पुस्तकातल्यापेक्षा ते जास्त लक्षात राहतं.

अब्बा शेवटपर्यंत ही हकीकत दाखला म्हणून सांगत. टाकी फुटली तरी देवरावभाऊंनी आम्हालाच काम दिलं, कारण चूक झाली तीही देण्यातली होती, घेण्यातली नव्हती, आणि जंगलातल्या माणसाला नियत ओळखता येते. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येत, आणि त्या वेळी समोर सोडा नसे. अब्बा गेल्यानंतर काही वर्षांनी मी देवरावभाऊंच्या अंगणात चहा पीत होते तेव्हा त्यांना विचारलं की त्या दिवशी इतकं सगळं होऊनही त्यांनी आमच्यावर विश्वास कशाच्या जोरावर टाकला. 

"तुमच्या आधी मी चंद्रपुरात दोघांले विचारून ठेवलं होतं," ते म्हणाले. "एकानं फोनच उचलला नाई. दुसरा म्हणे, पोंभुर्ण्याच्या पुढचा रस्ता झाला का? झाला की येतो."

रस्ता तेव्हा झाला नव्हता.